उमेदवारीचा विसर

‘उमेदवारी’ हा शब्द निवडणुकीने पळवून नेला, त्याआधी तो कारागिरांचा होता. सुताराच्या हाताखाली मुलगा ठेवला की तो प्रथम भुसा झाडी, हत्यारांना धार लावी आणि मग केव्हातरी रंधा हाती धरी. नाझरेथला योसेफाच्या हाताखाली प्रभू येशू असाच शिकला असणार. गावकऱ्यांनी तर त्याला ‘सुतार’ म्हणूनच ओळखले. पुढे त्याने माणसे घडवायला घेतली तेव्हाही पाठशाळा काढली नाही. मार्क सांगतो की त्याने बारा जणांना नेमले ते आधी आपल्यासोबत राहण्यासाठी. पाठवणे त्यानंतरचे, आणि तेही दोघादोघांना. ते परतल्यावर त्यांनी काय केले, काय शिकवले, हे त्याने ऐकून घेतले.

आम्ही हा क्रम उलटा केला आहे. आम्ही आधी पाठवतो, आणि सोबतीचे नावच काढत नाही. धर्मशिक्षक हवा असेल तर दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, चार व्याख्याने ठेवावीत, समारोपाला प्रमाणपत्र आणि समूहचित्र, की शिक्षक तयार! माझ्या पहिल्या रविवारी मला एक पुस्तक, वर्गाची किल्ली आणि चाळीस मुले मिळाली. दहा मिनिटांत पुस्तकातला धडा संपला. उरलेला वेळ मी मुलांना गप्प बसवण्यात घालवला. पुढे शेजारच्या वर्गातील एका वयस्क बाईंच्या मागच्या बाकावर मी तीन महिने स्वतःहून जाऊन बसलो. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना बाई मध्येच थांबत आणि थोरल्या भावाची बाजू मुलांना मांडायला लावत. कोणत्याही शिबिरात मला हे कुणी शिकवले नव्हते.

धर्मगुरूंच्या बाबतीतही प्रश्न फार निराळा नाही. एका मयताच्या घरी नवदीक्षित फादरांना विधवेसमोर पुनरुत्थानाचे ईशज्ञान विस्ताराने मांडताना मी ऐकले आहे. त्यांचा एकही शब्द चुकीचा नव्हता. थोड्या वेळाने वृद्ध फादर आले, पाणी मागून प्यायले, “मुलगा केव्हा पोहोचतोय?” एवढेच विचारले आणि बसून राहिले. त्या तरुणाला त्या घरी प्रथमच, आणि एकट्याने, पाठवणाऱ्यांचा मला राग आला, त्याचा नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उमेदवारीची पद्धत युरोपात अनेक शतके चालली. पुष्कळ होतकरू धर्मगुरू गावच्या धर्मगुरूच्याच घरी तयार होत. गुरू अडाणी असला तर चेलाही अडाणी निघे. म्हणूनच त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी स्थापावी असा हुकूम काढला. तो योग्यच होता. सेमिनरी बंद करा असे मी म्हणत नाही. अभ्यासाविना भक्ती आंधळी होते हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. परंतु त्रेंतने अज्ञानावर औषध दिले होते, सहवासावर बंदी घातली नव्हती.

संत जॉन मारी व्हिएन्नी यांचेच पाहा. लियोंच्या सेमिनरीत लॅटिन न जमल्याने त्यांना बाहेर पडावे लागले. एक्युली गावचे धर्मगुरू बाले यांनी त्यांना आपल्या घरी शिकवले. १८१५ साली दीक्षा झाल्यावर हे शिष्य त्याच धर्मग्रामात त्यांचे साहाय्यक झाले आणि १८१७ साली बाले वारले तोवर तिथेच राहिले. आर्सची जबाबदारी आली ती १८१८ साली. ज्यांना परीक्षेने नाकारले, त्यांनाच १९२९ साली पोपनी धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरवले!

ख्रिस्तसभेलाही हे उमगले आहे. १९९२ च्या प्रेषितीय उपदेशपत्रात आणि २०१६ च्या सेमिनरीविषयक मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष मेंढपाळकार्यातील घडणीवर भर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाच्या सेवेला प्रापंचिकांसाठी अधिकृत स्थान दिले. कागद तयार आहेत. अडते ते आम्हा जुन्यांपाशी. उमेदवार सोबत ठेवला की तो आपली तयारी न केलेली प्रवचने ऐकणार, आजाऱ्याकडे जाण्याचा आपला कंटाळा पाहणार, कार्यालयात गरिबाशी आपण कसे बोलतो हेही टिपणार. शिबिरात वक्ता व्यासपीठावर सुरक्षित असतो. त्यामुळे उमेदवार ठेवलाच तर त्याच्याकडे खुर्च्या मांडणे, माइक तपासणे आणि वर्गणीच्या पावत्या फाडणे ही कामे सोपवली जातात आणि त्यालाच ‘अनुभव’ म्हटले जाते. ही फुकटची हमाली आहे.

पौलासोबत तंबू शिवणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याने विद्वान अपुल्लोची चूक चारचौघांत काढली नाही. त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावले. असे दांपत्य, अशी बाई, असा निवृत्त धर्मगुरू बहुतेक धर्मग्रामांत असतोच. त्यांना सत्काराची शाल दिली जाते, शिष्य दिला जात नाही.

जूनमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतील. नव्या शिक्षकाला निदान पहिले वर्षभर जुन्याच्या शेजारची खुर्ची द्यावी, आणि दर रविवारी वर्ग सुटल्यावर दोघांनी अर्धा तास बसून काय जमले, काय फसले ते बोलावे. याला ना निधी लागतो, ना सभागृह. माझा वर्ग या वर्षी उघडा आहे. मागच्या बाकावर जागा आहे.