दाखवायची चाकं

मोटारीविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात मी दोनच वाहनं बाळगली. एक सायकल आणि दुसरी बजाजची स्कूटर. स्कूटरची चाकं दहा इंची. आता दहा इंची चाकांवर बसून ज्यानं पुण्याच्या रस्त्यांवरून सत्तावीस वर्षं बँकेची नोकरी केली, त्याचा ‘खड्डा’ या विषयावर बोलण्याचा अधिकार मात्र कोणी नाकारू नये. माझ्या कमरेच्या एक्स-रेच्या रूपानं त्याचं प्रमाणपत्रही कपाटात आहे. तेव्हा आज बोलणार आहे ते मोटारींविषयी नव्हे, चाकांविषयी. आणि स्पष्टच सांगतो, भांडणाच्या सुरात बोलणार आहे.

कारण असं झालं, की आमच्या हिच्या भाच्यानं, मंदारनं, दादांच्या मर्सिडीजला एकोणीस इंची चाकं बसवली.

दादा म्हणजे हिचे थोरले बंधू. भोसरीला त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. माणूस इतका काटकसरी, की चहाच्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायचा. अशा माणसानं २००२ साली सेकंडहँड मर्सिडीज घेतली तेव्हा नातेवाइकांत जी खळबळ उडाली, तेवढी दादांनी संन्यास घेतला असता तरी उडाली नसती. पण त्याला कारण होतं. त्याच वर्षी वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. रिक्षात बसलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दादांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांच्या गाड्यांत वहिनींना बसवून पाहिलं. मुलगी पाहायला जावं तसे ते गाड्या पाहायला जात. शेवटी एका कारखानदाराच्या जुन्या मर्सिडीजमध्ये वहिनी बसल्या, गाडी चिंचवडहून निघाली, आणि डेक्कनला पोहोचली तेव्हा वहिनींना झोप लागलेली होती. दादांनी किंमत विचारली आणि घासाघीस न करता दिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

गाडी १९९६ ची, ई २२०. जाणकार लोक या जातीला डब्ल्यू १२४ म्हणतात, म्हणजे विमा पॉलिसीचा नंबर वाटावा असं. जर्मनीत ही १९८४ च्या अखेरीस निघाली आणि १९९५ पासून पुण्यात, पिंपरीला टेल्कोच्या आवारात, तिची जुळणी होऊ लागली. म्हणजे एका अर्थानं आमच्या गावची. तिला पुढच्या काचेवर वायपर एकच. पण तो कोपऱ्याशी आला की हात लांब करून पुसतो, पंगतीत टोकाच्या पानावर वाकून वाढणाऱ्या वाढप्यासारखा. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्यांनी धरून ठेवलेलं. चाकानं खाली काय वाटेल तो धिंगाणा घालावा, वर बसलेल्याला त्याची वार्ता लागू नये, एवढ्यासाठी जर्मनीतल्या शहाण्या माणसांनी ही यातायात केली. दादा ती दाखवायला मला गाडीखाली झोपायला लावत. मी झोपत असे. मेव्हण्याच्या शब्दाबाहेर जाण्याची आमच्या पिढीत पद्धत नव्हती.

२०१९ साली दादा गेले. चार वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मग मंदारनं मनावर घेतलं. पोरगा गुणी आहे, हे मी शत्रुपक्षाचा असूनही कबूल करतो. त्यानं इंजिन काढून घेतलं, सीटची शिवण करून घेतली, रंग दिला. पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्यानंतर, एवढं सगळं झाल्यावर, त्यानं ती चाकं बसवली.

पूजेला आम्ही सगळे गेलो होतो. पूर्वीची आठ गोल भोकांची, इडलीपात्रासारखी दिसणारी साधी चाकं जाऊन तिथं लखलखीत काळे-रुपेरी आरे असलेली चार प्रचंड चक्रं आली होती आणि त्यांच्या कडेनं, धोतराला किनार असावी तसं, रबर. हिनं नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. मंदारनं मला मानानं मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी पुढे घेतली.

ते लिंबू मला लागलं.

मी विनोद करत नाही. मागच्या उजव्या चाकाखालचं लिंबू फुटल्याचं मला मागच्या सीटवर कळलं. आतापर्यंत लिंबू गाडीला चिरडलं जाताना पाहिलं होतं. लिंबानं प्रतिकार केल्याचं प्रथमच पाहत होतो.

“काका, कशी वाटते?” मंदारनं विचारलं.

“लिंबू जून असावं,” मी म्हटलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेत काढलेल्या वर्षांनी एक खोड लावली आहे. काही खटकलं की आकडे मांडायचे. टायरवर आकडे छापलेले असतात, ते मी दोन्हींचे टिपून आणले होते. जुन्या टायरवर १९५, ६५, १५. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा पासष्ट इतकी रबराची उंची. आणि १५ हा आतल्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. (मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत लिहिणाऱ्या माणसाला आमच्या मॅनेजरनं व्हाउचर फेकून मारलं असतं.) नव्या टायरवर २३५, ३५, १९. आता गणित करा. जुन्या टायरमध्ये धातू आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची आणि हवेची जाडी जवळजवळ १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. नव्यात ८२, म्हणजे सव्वातीन इंचांहून कमीच. पावणेदोन इंचांची गादी कोणीतरी काढून नेली होती, आणि त्या चोरीसाठी मंदारनं लाखाच्या वर पैसे मोजले होते!

दुसऱ्या दिवशी हा हिशेब मी त्याच्यापुढे ठेवला. तो हसला. “काका, मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं. तुमच्या स्कूटरचं उदाहरण घ्या ना.”

मुद्दा बिनतोड होता. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, हे माझ्या कमरेइतकं कोणाला ठाऊक? पण मी कागद उलटा केला. टायरसकट पूर्ण चाक मोजलं तर जुन्याचा व्यास ६३४ मिलिमीटर आणि नव्याचा ६४७. वाढ तेरा मिलिमीटरची. चाक मोठं झालेलंच नाही! चाकातला धातू मोठा झाला आणि हवा लहान झाली. खरोखर मोठं चाक या गाडीत मावतच नाही. एवढ्यासाठीसुद्धा त्याला मडगार्डच्या आतल्या कडा ठोकून वाकवाव्या लागल्या होत्या. दादांनी त्या कडांवरून कधी ओल्या फडक्याशिवाय हात फिरवला नाही.

शिवाय वजन. चाक आणि टायर हे ओझं स्प्रिंगच्या खालचं. पालखीत बसलेला माणूस जाड असला तर भोई दमतील, पण पालखी डुलत जाईल. भोयांच्याच पायांत लोखंडी जोडे चढवले, तर प्रत्येक पाऊल आतल्याच्या टाळूपर्यंत पोहोचेल. त्या पाच-पाच दांड्यांनी आता करायचं काय?

मंदारनं एक गोष्ट मात्र मला ऐकवली, आणि ती खरी आहे. टायरची भिंत ठेंगणी असली की वळणावर गाडी लचकत नाही. स्टिअरिंग फिरवलं की तत्क्षणी वळते. मान्य. शर्यतीत उतरणाऱ्यानं जरूर बसवावीत. पण कर्वे रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला तत्क्षणी वळून माणूस जाणार कुठे? पुढच्या टेंपोत?

मग त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवल्या. फ्लॉरिडात म्हणे १९७१ ते १९७६ मधल्या शेव्हरोले इम्पाला आणि कॅप्रिस घेतात आणि त्यांना चोवीस, सव्वीस इंची चाकं लावतात. गाडी इतकी उंच होते की चढायला स्टूल लागावं. त्या प्रकाराला ‘डाँक’ म्हणतात. इम्पालाच्या बिल्ल्यावरचं हरिण लोकांना गाढव वाटलं, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. मला ते लोक, खरं सांगू, आवडले. ते गाडी वर उचलतात, भडक रंगवतात, रविवारी मिरवतात. वरात आहे ती. वरातीतल्या घोड्याला कोणी मऊ चालतो का असं विचारत नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. माझं भांडण आहे ते, गाडी आरामाची ठेवून तिचा आराम काढून घेणाऱ्यांशी.

इथं मला जॉन बॉइड डनलॉप आठवतो. हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर धक्के खायची. पोर कुरकुरलं. तेव्हा या बापानं १८८७ साली रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना गुंडाळली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. (हीच कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या गृहस्थानं १८४५ सालीच पेटंट करून ठेवली होती, पण तिला तेव्हा कोणी विचारलं नाही.) त्याआधी हजारो वर्षं माणूस लाकडी चाकाला लोखंडी धाव ठोकून हाडं खिळखिळी करून घेत होता. बापानं मुलाच्या बुडाखाली हवा भरली, तिथून मोटारीचं सुख सुरू झालं. आणि आमचा मुलगा बापाच्या गाडीतली हवा काढून पुन्हा धावेकडे निघाला होता! हे मी मंदारला ऐकवलं. तो म्हणाला, “काका, पण दिसते कशी ते सांगा ना!”

दिसते छान. खोटं कशाला बोलू? सिग्नलला उभी राहिली की पोरं फोटो काढतात. पण फोटो काढणारा गाडीच्या बाहेर असतो, हो! मर्सिडीज ही आत बसणाऱ्यासाठी बांधलेली गाडी. मंदारनं ती उलटी करून, कोटाचं अस्तर बाहेर काढावं तशी, फुटपाथवरच्यांच्या स्वाधीन केली होती. हत्तीला निदान दाखवायचे आणि खायचे असे दातांचे दोन वेगळे संच असतात. या गाडीला संच एकच आणि तो दाखवायचा.

गेल्या मार्गशीर्षात साताऱ्याला बारसं होतं. मंदार गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे ही आणि वहिनी. वहिनी आता त्र्याहत्तर वर्षांच्या. मुलानं वडलांची गाडी उभी केली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. कात्रजचा बोगदा येईपर्यंत त्या दादांच्या आठवणी सांगत होत्या. बोगद्यानंतर गप्प झाल्या. रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे मारलेले असतात ना, जाड जाड? एकेक पट्टा मोजता येत होता. आरशात पाहिलं, तर वहिनींनी दोन्ही तळहात सीटवर दाबून धरले होते आणि शरीराचा भार त्यांवर तोलला होता. ऑपरेशनच्या आधी त्या रिक्षात अशाच बसत.

शिरवळला चहाला थांबलो. वहिनी हळूहळू उतरल्या. चहा घेतला. मग पदर सावरून मला म्हणाल्या, “भाऊजी, इथून साताऱ्याला एस्टी असेल ना?”

मंदारच्या हातातला कप तसाच राहिला. “आई, अगं काय झालं? सांगायचं ना, हळू घेतली असती.”

“काही नाही रे,” वहिनी म्हणाल्या. “तुझी गाडी फार सुंदर दिसते. मी आपली बाहेरूनच बघीन.”

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वहिनींबरोबर एस्टीत बसलो. महिलांना २०२३ पासून एस्टीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांचं अर्धं आणि माझं पूर्ण. मधली सीट मिळाली. एस्टीच्या त्या धुळकट टायरांकडे मी प्रथमच आदरानं पाहिलं. रबराच्या भिंती हातभर नाही तरी वीतभर! खंबाटकीचा घाट चढताना वहिनींचा डोळा लागला. ही मात्र माहेरची बाजू सोडायची नाही म्हणून गाडीतच बसून राहिली आणि साताऱ्यात उतरल्यावर पाळण्याची दोरी हातात येईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

त्यानंतर जुलैत एका खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाची रिम वाकली. ती सरळ करून आणली. पुन्हा वाकली. मी काही बोललो नाही. लेख लिहायला घेतला, एवढंच.

आता एक कबुली. ती जुनी इडलीपात्रं मंदार भंगारवाल्याला देणार होता. भंगारवाला दारात आला तेव्हा मी योगायोगानं तिथं होतो (हिचं म्हणणं योगायोगानं नव्हे). रिक्षा केली आणि टायरांसकट चारही चाकं घरी आणली. तेव्हापासून ती आमच्या गॅलरीत आहेत. हिनं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाट ठेवून सांडगे वाळत घातले.

मागच्या रविवारी मंदार आला होता. चहा झाला, तरी गॅलरीतून हलेना. वाकून एका टायरवर अंगठा दाबून पाहिला.

“काका, यांत हवा आहे?”

“दर एक तारखेला भरतो,” मी म्हटलं. “स्कूटरचा पायपंप आहे अजून.”