निमंत्रण कुणाला?

मैत्रिणींनो, पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ छापलेलं असलं तरी पंगतीला बायका शेवटीच बसतात, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही. खेळातही निमंत्रितांच्या स्पर्धा असतात. कबड्डीच्या आपण पाहिल्यात. स्नूकरमधली सगळ्यात मानाची निमंत्रितांची स्पर्धा म्हणजे लंडनची ‘मास्टर्स’. १९७५ पासून ती भरते. आता जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या १६ जणांना तिचं बोलावणं जातं. बाईला मनाई आहे, असं नियमात कुठंच लिहिलेलं नाही. पण त्या १६ जणांत आजवर एकही बाई पोचलेली नाही.

का नाही? या खेळाला ताकद लागत नाही. १२ फुटी टेबल, १५ लाल चेंडू, ६ रंगीत, एक पांढरा. लागतो तो स्थिर हात, नजर आणि पुढच्या तीन चेंडूंचा आधीच विचार. महिना कसा काढायचा, हे विसाव्या तारखेलाच ताडणाऱ्या बाईला ते जमणार नाही होय?

खरं कारण टेबल कुठं असतं, त्यात आहे. हा खेळ जन्मला तोच साहेबांच्या छावणीत. तोही आपल्या देशात, जबलपूरला, १८७५ मध्ये. श्रेय दिलं जातं नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला (पंतप्रधान झाला तो वेगळा). पुढं उटीच्या क्लबात नियम पक्के झाले. छावणी काय, क्लब काय, सगळा पुरुषांचा कारभार. खुद्द इंग्लंडात वेकफिल्डच्या कामगार क्लबानं १९७८ मध्ये बायकांना स्नूकर खेळायची बंदी केली. शीला कॅपस्टिक या बाईनं त्याविरुद्ध चळवळ उभी केली. तिथल्या कामगार क्लबांच्या संघटनेत बायकांना बरोबरीचा हक्क मिळाला तो २००७ साली! जवळजवळ तीस वर्षं.

आपल्या महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतल्या व्यावसायिक इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत गेला होता. पण धर्माबादसारख्या गावात टेबल म्हटलं की जिना चढून वरची खोली, बाहेर मोटारसायकली, आत पोरं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक भावासोबत गेली, तर मालक म्हणाला, “लेडीजची सोय नाही.” ताई मला म्हणाल्या, “बरंच झालं बाई, नसती बला टळली.”

ताईंना मी नावं ठेवत नाही. तिथं धूर असतो, पैजा लागतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मग पोराला तिथं कसं पाठवतो आपण? जागा वाईट असेल तर ती दोघांनाही वाईट. आणि चांगली करायची असेल, तर आया-बहिणी तिथं गेल्याशिवाय ती होईल कशी?

बंगळुरूची विद्या पिल्लई २०१७ मध्ये सिंगापूरला जागतिक महिला स्पर्धेचा अंतिम सामना हाँगकाँगच्या ऑन यीकडून ६-५ असा हरली. एका फ्रेमनं! त्याच ऑन यीला नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं हरवलं आणि जगज्जेतेपद आणलं. या पोरींना कुणीतरी, कधीतरी, पहिल्यांदा टेबलाजवळ उभं राहू दिलं असेलच ना?

माझं मागणं फार नाही. दुपारी दोन ते चार या वेळात पार्लर तसंही रिकामंच असतं. आठवड्यातून दोन दिवस ते दोन तास फक्त मुलींचे ठेवावेत. सिगारेट बंद, दार उघडं, दर तोच. आळीपाळीनं एक आई तिथं बसेल, वाटलं तर शेंगा निवडत बसेल. आमच्या गटातल्या चौघी तयार आहेत. येत्या सोमवारी मालकाकडं जायचंय, ज्यांच्या मुलींना यायचंय त्यांनी आधी सांगा.