शेवटचं रीळ नसलेला सिनेमा

केटी लागली तर हीरोला मॅच खेळता येणार नाही. झाली स्टोरी! एमजीएमच्या १९३० सालच्या 'गुड न्यूज'मध्ये टेट कॉलेजचा फुटबॉलपटू टॉम मार्लो खगोलशास्त्रात अडकलाय. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, धक्काबुक्कीवाला.) त्याला शिकवायला कॉनी नावाची हुशार मुलगी येते. पुढचं एफईचं पोरगंही सांगेल. १९२७ च्या ब्रॉडवेवरच्या नाटकावरून काढलेला हा सिनेमा. गाणी झकास, विनोद बरेचसे शिळे.

मग जुन्या सिनेमांचे संग्राहक यासाठी जीव का टाकतात? तर याचा शेवट रंगीत होता, दोन रंगांच्या पद्धतीत.  तो रंगीत भाग हरवला. आज मिळते ती प्रत कृष्णधवल, आणि ऐन शेवटाला खड्डा.

परवा सबमिशन संपल्यावर लॅपटॉपवर हा लावला, तर रूमपार्टनर करवादला, "अरे, १९४७ चा बघ ना! अर्धवट कशाला?" त्याचंही खरंय. त्याच एमजीएमने तेव्हा जून ॲलिसन आणि पीटर लॉफर्डला घेऊन हाच सिनेमा पुन्हा काढला. खगोलशास्त्राच्या जागी फ्रेंच, सगळा रंगीत, सगळा शाबूत. छानच आहे तो. पण जुन्यात डोरोथी मॅकनल्टी 'व्हर्सिटी ड्रॅग'वर जी काय उधळते, ते इस्त्री केलेल्या नव्यात नाही. बोलपट नुकतेच आलेले, कुणालाच नीट जमत नव्हतं, त्यामुळे सगळे जीव तोडून नाचतात. आपल्या गॅदरिंगसारखे! रिमेक आला म्हणून मूळचं गेलं तरी चालेल, हे मला पटत नाही.

गॅदरिंगवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या नाटकाचं शूटिंग एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर होतं. तो पास आऊट झाला, डिस्क उडाली. उरला फक्त पहिला अंक, ज्यात मी दोनदा वाक्य विसरतो. हॉल डोक्यावर घेतला तो दुसरा अंक गायब! रेक्टर सरसुद्धा हसले होते, पण पुरावा काय? तेव्हापासून त्या संग्राहकांना मी वेडे म्हणत नाही.

तर मित्रांनो, त्या रात्री कुणी मोबाइलवर काही टिपलं असेल, अगदी हललेलं, मागून डोकी आलेलं, तरी डिलीट करू नका. मेसमध्ये गाठा, पेनड्राइव्ह माझ्या खिशातच असतो.