सहीपुरते पालक

“त्या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नसतं.” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे, शिक्षण खात्याच्या बैठकांत ऐकलं आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा आपल्याच मराठी माणसांच्या घरी, जेवणं उरकल्यावर ऐकलं आहे. ‘ते लोक’ म्हणजे अमेरिकेतले गरीब आईबाप. कोणी ग्वाटेमालाहून आलेले, कोणी डॉमिनिकन रिपब्लिकहून, कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतले. न्यू जर्सीतल्या ज्या शाळेत मी शिकवते तिथली बहुतेक मुलं अशाच घरांतली आहेत. म्हणून स्पष्ट सांगते: हे वाक्य धादांत खोटं आहे. ते टिकून राहिलं आहे ते फक्त सोयीचं आहे म्हणून. ज्यांनी या आईबापांच्या हातातले अधिकार काढून घेतले त्यांना कोणी जाब विचारत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात ते आईबाप.

अधिकार काढून घेतले, हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. त्याला तारीखवार इतिहास आहे.

11 एप्रिल 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या स्टोनवॉलला, लहानपणी ज्या एकखोली शाळेत ते गेले होते तिथे, प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका केट लोनी बसल्या होत्या. या कायद्याचा पहिला भाग म्हणजे ‘टायटल वन’. गरीब मुलांच्या संख्येच्या हिशेबाने केंद्राचा पैसा शाळांकडे येतो. आज ती रक्कम वर्षाला सुमारे 18 अब्ज डॉलर आहे. पैसा आला तसे त्याला पाय फुटायलाही वेळ लागला नाही. 1969 मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लूर या दोघींनी अहवाल लिहून दाखवून दिलं की गरीब मुलांच्या नावाने आलेला पैसा जागोजागी शाळांच्या सर्वसाधारण खर्चात जिरवला जात होता. मग 1974 च्या दुरुस्तीने टायटल वन शाळांमध्ये पालकांची सल्लागार परिषद सक्तीची केली. निम्म्याहून अधिक सभासद पालक, आणि ते निवडायचे पालकांनीच. 1978 मध्ये ही तरतूद आणखी बळकट झाली. परिषदांच्या हातात तिजोरी नव्हती, होता तो सल्लाच. तरीही “हा पैसा कुठे गेला?” असं विचारायला एक खुर्ची होती आणि ती मुख्याध्यापकांच्या मेहेरबानीवर नव्हती.

1981 मध्ये रेगन यांच्या काळात ही सक्ती काढून टाकली. पालकांशी ‘विचारविनिमय’ करा म्हणजे झालं, असं ठरलं. पुढे 1988, 1994, 2002 आणि 2015 या वर्षांचे कायदे आले. त्यांनी पालकांसाठी धोरण लिहायला सांगितलं, वार्षिक बैठक घ्यायला सांगितलं, शाळा आणि पालक यांच्यात करारनामा करायला सांगितलं, थोडा निधी बाजूला काढायला सांगितलं. परिषद मात्र परत आली नाही. 2015 च्या कायद्यात ती आहे, पण ‘स्थापन करता येईल’ अशा ऐच्छिक गोष्टींच्या यादीत. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनाच विचारायचं की तुमच्यावर नजर ठेवलेली तुम्हांला चालेल का.

त्या निधीचा हिशेब एकदा मांडूनच बघू. ज्या शाळा-जिल्ह्याला टायटल वनचे 5 लाख डॉलरहून अधिक मिळतात त्याने किमान 1 टक्का पालकांच्या सहभागासाठी राखायचा, आणि त्यातला किमान 90 टक्के भाग थेट शाळांना द्यायचा. समजा जिल्ह्याला 10 लाख डॉलर मिळाले. 1 टक्का म्हणजे 10 हजार. त्यातले शाळांना 9 हजार. शाळा दहा असतील तर प्रत्येकीला 900 डॉलर. शाळेत 400 मुलं असतील तर एका मुलाच्या कुटुंबामागे वर्षाला सव्वादोन डॉलर. सव्वादोन डॉलरमध्ये दुभाष्या येत नाही, लहान भावंडं सांभाळायला बाई येत नाही, बसचं भाडं निघत नाही. कायदा म्हणतो की बैठका सकाळी वा संध्याकाळी, पालकांच्या सोयीने घ्या, हवं तर येण्याजाण्याची आणि मुलं सांभाळण्याची सोय करा, घरी जाऊन भेटा. अपेक्षा शंभराच्या आणि पदरात सव्वादोन.

त्यातून उभी राहते ती वार्षिक बैठक. मी अशा बऱ्याच बैठकांना बसले आहे. शाळेच्या जेवणघरात घडीची टेबलं, कोपऱ्यात पिझ्झाचे खोके, दाराशी सहीचा कागद. पडद्यावर एकामागून एक पानं सरकतात: टायटल वन म्हणजे काय, आपली शाळा त्यात कशी बसते, आपलं धोरण काय. वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीला ते लवकर उरकायचं असतं. एका वर्षी एक आई गोदामातल्या रात्रपाळीला जाण्याआधी तशीच, अंगावर चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून आली होती. मांडीवर धाकटं झोपलेलं. तिने हात वर केला आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, “वाचन घेणाऱ्या बाई गेल्या, त्यांच्या जागी कोण येणार? त्यांचा पगार याच पैशातून होत होता ना?” त्या संध्याकाळी शाळेशी, पैशाशी आणि मुलांच्या शिकण्याशी थेट संबंध असलेला हा एकच प्रश्न होता. उत्तर मिळालं, “छान प्रश्न आहे, आपण बैठक झाल्यावर बोलू.” बैठक झाली तेव्हा तिची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. ती गेली. इतिवृत्तात तिचा प्रश्न नाही. दाराशी ठेवलेल्या कागदावर तिची सही आहे. तपासणीला माणसं आली की तोच कागद पुढे केला जातो: बघा, आमच्याकडे पालकांचा सहभाग आहे.

त्याच संध्याकाळी तिच्या हातात करारनामा दिला होता. तीन रकाने: शाळेची जबाबदारी, पालकांची, मुलाची. पालकांच्या रकान्यात रोज 20 मिनिटं वाचून घेणं, वेळेवर झोपवणं, गैरहजेरी टाळणं. सगळं मोजता येण्याजोगं, म्हणजे चुकल्यावर बोट दाखवता येण्याजोगं. शाळेच्या रकान्यात ‘उच्च दर्जाचं शिक्षण आणि पोषक वातावरण’. हे कसं मोजणार? वाचनाच्या शिक्षिकेची जागा वर्षभर रिकामी राहिली तेव्हा शाळेने करार मोडला की नाही? मोडला. कोणाला काही झालं का? नाही. करारनाम्याबद्दलच्या कलमात करार मोडणाऱ्या शाळेला कसलीच शिक्षा नाही. ज्या करारात एकाच बाजूची झडती घेतली जाते त्याला मी करार म्हणणार नाही. ती गरिबाकडून लिहून घेतलेली हमी आहे.

आणि भाषा. टायटल वनच्या कलमातच लिहिलं आहे की पालकांना समजेल अशा भाषेत माहिती द्या, पण पुढे ‘शक्य असेल तितपत’ अशी पळवाटही ठेवली आहे. मुलांना दुभाषी म्हणून राबवू नका, असं 2015 मध्ये केंद्राच्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी शाळांना लेखी बजावलं होतं. तरी आठ-नऊ वर्षांचं पोर आईच्या शेजारी उभं राहून स्वतःच्याच प्रगतीच्या तक्रारी आईला समजावून सांगतं, हे मी पाहिलेलं आहे. आईची मान खाली जाते, पोराची त्याहून खाली. पुढच्या वेळी ती आई येत नाही आणि मग कोणीतरी म्हणतं, बघा, यांना पडलेलंच नाही.

ज्यांना खरंच वाटतं की गरीब आईबाप उदासीन असतात, त्यांनी सॅन अँटोनियोच्या एजवूडची गोष्ट वाचावी. मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती. 1968 मध्ये डिमिट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक टेक्सासविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता. शाळा घरपट्टीवर चालतात. एजवूडचे लोक दर 100 डॉलर मालमत्तेमागे 1.05 डॉलर कर भरत होते, श्रीमंत अलामो हाइट्सचे लोक 85 सेंट. दर जास्त गरिबांचा. तरीही केंद्राचा, राज्याचा आणि स्थानिक असा सगळा पैसा धरून एजवूडच्या मुलामागे 356 डॉलर खर्च होत होते आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे 594. पत्र्याचं काम करणारा माणूस हा हिशेब घेऊन देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1973 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठवलं. याहून जास्त सहभाग कोणत्या पालकांनी दाखवायचा राहिला होता? सरकारला आईबापांचा सहभाग पिझ्झाच्या टेबलापर्यंत हवा असतो. हिशेबाच्या वहीपर्यंत ते पोचले की तो नकोसा होतो.

हिशेबाची वही दिली तर काय होतं, याची उत्तरं याच देशात आहेत. 1965 मध्येच सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ बालवाड्यांत धोरण परिषद असते. तिच्यात त्याच मुलांच्या पालकांचं बहुमत कायद्याने लागतं, आणि अंदाजपत्रक, नोकरभरती यांवर तिचं मत लागतं. शिकागोत 1988 च्या कायद्याने प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली. तिच्यात पालकांच्या सहा जागा, आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार तिच्याकडे. मतदानाला नागरिकत्वाची अट नाही, मूल त्या शाळेत असलं की पुरे. शिकागोत सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. काही परिषदा भांडणांत अडकल्या, काहींच्या निवडणुकीला उमेदवारच मिळाले नाहीत. ते तर नगरपालिकांचंही होतं, म्हणून आपण नगरपालिका मोडीत काढत नाही. हेड स्टार्टमधल्या तीन वर्षांच्या मुलाच्या आईला अंदाजपत्रकावर मत देता येतं आणि तेच मूल सहा वर्षांचं होऊन टायटल वन शाळेत आलं की त्याच आईची अक्कल संपते, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मला कोणी समजावून सांगावं.

आपल्या देशाने कागदावर याहून पुढचं पाऊल टाकलं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. माझी वहिनी अशा समितीवर होती. ठरावाचं रजिस्टर तिच्या घरी सहीला यायचं, लिहून तयार झालेलं. जागा मिळाली तरी माणसाला त्या जागेवर बसू द्यायचं नाही, ही युक्ती दोन्ही देशांना चांगली जमते.

आता थोडं आपल्याबद्दल. अमेरिकेतली आपली बहुतेक कुटुंबं घर घेतात तेच शाळेचं नाव बघून. त्या शाळांत पालक संघटना पैसे उभे करतात, आईबाप मुख्याध्यापकांना ईमेल टाकतात आणि उत्तर येतं. मुलाला हव्या त्या वर्गात घालण्यासाठी ते भांडतात आणि बहुधा जिंकतात. तिथे कोणी तुमच्याकडून रोज 20 मिनिटं वाचून घेण्याच्या हमीवर सही मागत नाही. तुम्ही जे करता ते तुमच्याकडे वेळ, इंग्रजी आणि नोकरीतून तासभर सुटायची मुभा आहे म्हणून. मुलांवरचं प्रेम दोन्हीकडे सारखंच आहे. तेव्हा ‘त्या लोकां’वर शेरा मारण्याआधी तुमच्या कामवाल्या बाईंना किंवा ऑफिस झाडणाऱ्या माणसाला एकदा विचारा, शाळेची बैठक किती वाजता असते आणि त्यांची पाळी किती वाजता.

कायदा बदलायला हवा: सल्लागार परिषद पुन्हा सक्तीची करा, तिला टायटल वनच्या अंदाजपत्रकावर मत द्या, राखीव निधी 1 टक्क्यावर अडकवू नका. ते होईल तेव्हा होईल. पण आज जे हातात आहे ते तरी वापरा. तुमचं किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाचं मूल टायटल वन शाळेत असेल, तर प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यातलं 1116 क्रमांकाचं कलम काढून वाचा. राखीव निधी कसा खर्च करायचा हे ठरवताना पालकांना सामील करून घ्यावंच लागतं. पालकांनी नियमित बैठका मागितल्या तर त्या द्याव्या लागतात आणि सूचनांना शक्य तितक्या लवकर उत्तर द्यावं लागतं. संपूर्ण शाळेचा टायटल वन आराखडा पालकांना मान्य नसेल, तर त्यांचे आक्षेप त्या आराखड्यासोबत जिल्ह्याकडे जावे लागतात. म्हणून तोंडी विचारू नका, लेखी विचारा, तारीख घाला, प्रत ठेवा. शेजारच्या आईला इंग्रजी येत नसेल तर तिचा प्रश्न तुम्ही लिहून द्या आणि इतिवृत्तात आला की नाही ते पुढच्या बैठकीला जाऊन बघा.