झाडं लावायची, पण कोणाच्या जमिनीत?

आमच्या मोहल्ल्यातला एक इंजिनियर मुलगा दोन वर्षांपासून जमीन शोधतोय. रविवारी मोटारसायकल काढतो, फुलंब्री, खुलताबाद, गंगापूरकडे जातो आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने परत येतो. त्याला पर्माकल्चर करायचंय.

शब्द नवा आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७८ साली पुस्तक लिहून तो जगापुढे ठेवला. पाणी, माती, झाडं, जनावरं आणि घर यांची मांडणी अशी करायची, की एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी यावं. आपल्या शहराला ही अक्कल परकी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. आधी उतार वाचायचा, मग खोदायचं. पर्माकल्चरचा पहिला धडा तोच आहे.

अडचण ज्ञानाची नाही, जमिनीची आहे. या मुलाच्या घराण्यात कोणाच्याच नावावर सातबारा नाही. आजोबा विणकर, अब्बा कंपनीत. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेती सटोडियांच्या हाती जाऊ नये हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण शहराभोवती शेतांचे प्लॉट पडतच आहेत. अडला तो झाडं लावू पाहणारा.

मग उरते बटई किंवा ठोका. तोही तोंडी, एका हंगामाचा. माझ्या ओळखीच्या एकाने दोन एकर असेच घेतले. बांध घातले, चर खोदले, शेवगा आणि सीताफळ लावलं. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी मुरू लागलं, तेव्हा मालक म्हणाले, “यंदा आम्हीच करतो.” मी मालकाला दोष देत नाही. लिहून दिलं तर उद्या हा कूळ म्हणून उभा राहील, ही भीती पिढ्यांची आहे. पण सीताफळाला तीन-चार वर्षं लागतात, चिंचेला त्याहून कितीतरी जास्त. वर्षाच्या भरवशावर कापूस घेता येतो, बाग उभी राहत नाही.

म्हणून माझं मत असं, की जमीन विकत घेण्याच्या हट्टापेक्षा लांब मुदतीच्या लेखी कराराचा आग्रह धरावा. मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याची मुदतही पक्की. डॉ. टी. हक यांच्या समितीने २०१६ साली नीती आयोगासाठी जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला, त्याचा गाभा हाच होता. गावोगाव म्हातारे आई-बाप पडीक शेताकडे बघत बसलेत, पोरं पुण्यात आहेत. त्यांची भीती गेली तर त्यांची जमीन आणि या पोरांचे हात एकत्र येतील.

तोवर काय करायचं? श्री. अ. दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोट भरण्याचा हिशेब मांडला होता. मी त्या मुलाला म्हटलं, “बेटा, पाच एकरांचं स्वप्न ठेव, पण आधी दहा गुंठे माग. आणि तोंडी नको, कागदावर माग.”