आधी ब्रेक, मग बंपर

सध्या एक नवीन खूळ आलंय. जुनी पिकअप घ्यायची, घरी आणायची आणि तिचा 'बिल्ड' करायचा. माझ्या ओळखीतल्या चौघांनी घेतल्यात. चौघंही आपल्यासारखेच, म्हणजे आठवडाभर लॅपटॉपसमोर आणि शनिवारी सकाळी एकदम हातात पाना. कुणाकडे टाटामोबाइल, कुणाकडे २०७, एकाकडे महिंद्राची डबल कॅब. खुळाला माझी अजिबात हरकत नाही. मलाही तेच खूळ आहे, आणि सासवडला काकांच्या अंगणात १९९३ची टाटामोबाइल चारही चाकं काढून घोड्यांवर उभी आहे.

हरकत आहे ती कामाच्या क्रमाला.

या चौघांचे मला आलेले प्रश्न सांगतो. रंग मॅट देऊ का ग्लॉस? छतावर लाइट बार किती इंची? चाकं केवढी मावतील? पुढे लोखंडी बंपर कुठे करून मिळेल? हौद्याला आतून रबर लायनिंग? सहा महिन्यांत एकानंही विचारलं नाही की मागच्या ड्रममधले सिलिंडर गळत असतील तर कसं ओळखायचं. तीस-पस्तीस वर्षं जुनी, दोन टनांच्या घरातली वस्तू रस्त्यावर आणताय, आणि ती थांबेल कशी हा प्रश्नच तुमच्या यादीत नाही? ऑफिसात टेस्टिंगशिवाय बिल्ड लाइव्ह केला तर रात्री दोनला फोन येतो. इथे तो फोन घरच्यांना येईल.

आधी ही गाडी काय चीज आहे तेवढं समजून घेऊ. टाटामोबाइल टेल्कोनं १९८८ साली काढली, आपल्या पुण्यात. तोवर कंपनी ट्रकवाली. याच गाडीच्या पायावर १९९१ साली सिएरा उभी राहिली, जिच्या नावानं हल्ली सगळे उसासे टाकतात. शिडीसारखी चासी, मागे पाटे, पुढे दोन लिटरच्या आसपासचं साधं डिझेल इंजिन. त्यात एकही गोष्ट अशी नाही की जी पाने, जॅक आणि वेळ असलेल्या माणसाला समजणार नाही. ही गाडी ओझं वाहायला बनवलेली आहे, आणि तिचे ब्रेकसुद्धा ओझ्याचा हिशोब करून बसवलेले आहेत. तो हिशोब न वाचता तिच्यावर सजावट चढवणं म्हणजे कोड न वाचता त्यात पॅच मारणं.

उदाहरण घ्या. पिकअप रिकामी असताना मागचा भाग हलका असतो. मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक लागला तर ती जागीच लॉक होऊन गाडी आडवी फिरेल. हौदा भरला की उलट, मागे जास्त ब्रेक हवा. म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो, आणि त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. ओझ्यानं चासी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरलेली आहे आणि मागे दाब वाढवतो. आता तुम्ही दिसायला भारी म्हणून पाटे वाढवून मागचा भाग तीन इंच उचलता. दांडीला हात लावत नाही, कारण ती आहे हेच माहीत नाही. व्हॉल्व्हच्या दृष्टीनं गाडी आता कायमची रिकामी. हौद्यात पाच माणसं आणि तंबू-शेगड्या भरून निघालात तरी रिकामीच!

चाकांचंही तेच. व्यास १० टक्क्यांनी मोठा असलेला टायर चढवला की तेवढ्याच ब्रेकनं रस्त्यावर लागणारा जोर साधारण ९ टक्क्यांनी कमी होतो. वर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना तुम्ही प्रत्यक्षात ८८ला असता. म्हणजे गाडी पळते जास्त, थांबते कमी, आणि सांगते खोटं. हे बारावीचं फिजिक्स आहे हो, त्याला डिग्रीसुद्धा लागत नाही.

पण सगळ्यात भयंकर किस्सा अल्टरनेटरचा. त्याआधी थोडी पार्श्वभूमी. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनाकडून फुकट मिळते. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. त्या पिढीच्या आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. तर ऑफिसातल्या एका मित्रानं लाइट बार, अॅम्प्लिफायर आणि छोटा फ्रिज असं सगळं लावलं. करंट पुरेना. मग एका गॅरेजवाल्यानं त्याला दणकट, जास्त अँपिअरचा, दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवून दिला. पाठीवर पंप नसलेला. बूस्टरचा पाइप बंद करून टाकला. गाडी सुरू झाली, लाइट बार झगझगला, पेढे वाटले. ताम्हिणी उतरताना पेडल दगडासारखं झालं. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत, दोन्ही पायांनी उभा राहून त्यानं गाडी कशीबशी कडेला घेतली. बायको शेजारी होती. त्याचं म्हणणं अजूनही "जुन्या गाडीचं काय, असं व्हायचंच." अरे, जुन्या गाडीनं काय केलं? तिचा पंप तर तुम्ही भंगारात घातलात!

घाटाचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब करून बघू. समजा गाडी भरून दोन टनांची आहे आणि घाट ६०० मीटर उतरायचाय. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. जवळपास १ कोटी १८ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं ३७ लिटर पाणी उकळीला येतं, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये 'डिझेल वाचवत' उतरलात तर जवळजवळ सगळं चार चाकांच्या ब्रेकमध्ये जातं.

आणि तिथे वाट बघत असतं तुमचं ब्रेक ऑइल. (ते ऑइल नसतंच खरं तर, पण सगळे तसंच म्हणतात.) हे द्रव हवेतलं बाष्प शोषून घेतं. नवं कोरं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की मानकातलीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ची २०५वरून १४०वर. उकळलं की लाइनमध्ये वाफ, वाफ दाबली जाते, पेडल पायाखालून नाहीसं होतं. जुनी गाडी घेतलीत तर तिच्यातलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं हे विकणाऱ्याला माहीत नसतं. माझ्या गाडीतून निघालं ते उसाच्या काकवीसारखं दिसत होतं.

ते बदलायला अर्धी दुपार लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात, बाटली, पारदर्शक नळी, आणि पेडलवर एक विश्वासू माणूस. आमच्याकडे काका. "काका, दाबा. धरून ठेवा. आता सोडा." नट घट्ट होण्याआधी पाय सोडला की परत हवा आत जाते, त्यामुळे मधेच फोन उचलणारा माणूस इथे चालत नाही. एवढ्याशा कामाला लोक वेळ नाही म्हणतात आणि ग्रिलवरचे दिवे निवडायला तीन शनिवार घालवतात.

ड्रम उघडताना मात्र घाई नको. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. कॉम्प्रेसरनं फूंकर मारून ती धूळ उडवणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ आहे. तसं करू नका. ओली करून फडक्यानं पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका. आणि गाडीखाली जाताना जॅकवर किंवा विटांवर भरवसा नको, घोड्याच हव्यात. वीट फुटताना आधी सांगत नाही.

ब्रेकनंतर चासी. रंगाआधी, आणि लांबीच्या तर फारच आधी. हौद्याच्या तळाशी, पाट्यांच्या हँगरपाशी, चासीच्या आतल्या कोपऱ्यांत चिखल साचतो, तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. गाडी कोकणातली असेल तर विचारूच नका. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोचत जा. टणक वाजलं तर ठीक, आत गेला तर तिथे पत्रा नाही, नुसता गंजाचा पापड आहे. तो कापून नवा पत्रा जोडायचा असतो. त्यावर लांबी भरून वर चकचकीत रंग मारणं म्हणजे फ्रॅक्चरवर मेकअप. चासीचं वेल्डिंग मात्र ज्याचा हात बसलाय त्याच्याकडूनच करून घ्या. यूट्यूब बघून तिथे शिकायचं नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही कशाला हात काळे करायचे? मिस्त्री आहेत ना." आहेत, आणि त्यातले कित्येक तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट शहाणे आहेत. नाना पेठेत एखादं रबर किट हातात घेऊन "हे चालणार नाही, जुन्या मापाचं आण" असं एका नजरेत सांगणारी माणसं मी पाहिलीत. पण मिस्त्री काम करतो ते गिऱ्हाईक पैसे देईल त्याचं. लाखभर रुपये बंपर, टायर आणि रंगाला मोजणारा माणूस ब्रेकच्या लोखंडी लाइन बदलायला सांगितल्या की "आत्ता राहू द्या, पुढच्या वेळी बघू" म्हणतो. मग मिस्त्री सांगायचंच बंद करतो. म्हणून निदान एकदा ड्रम स्वतः उघडा. नंतर काम त्याच्याकडूनच करून घ्या हवं तर, पण काय सांगायचं आणि काय तपासायचं ते तरी कळेल.

दुसरं उत्तर: "रोज कुठे चालवतो? महिन्यातून एकदा तर काढतो." हे तर उलट वाईट. उभ्या गाडीच्या ब्रेक सिलिंडरमध्ये गंज धरतो, रबर कडक होतं. रोज धावणाऱ्या भाजीच्या टेम्पोला आपली नस माहीत असते. तुमची मात्र महिनाभर झोपून थेट घाटात उतरते.

आता सरकारकडे वळतो, कारण तिकडेही उलटाच क्रम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही, ज्यानं नोंदणीतला तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं विनापरवानगी बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. लोखंडी बंपरांवर कारवाई करा असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७मध्येच कळवलं होतं, आणि ते रास्तच आहे. तो बंपर वाकत नाही, म्हणून धक्का चासीला आणि आतल्या माणसांना बसतो. समोर पायी चालणारा असेल तर त्याचं विचारायलाच नको.

पण कायदा मोजतो काय? मूळ कागदापासूनचा फरक. मागे ड्रमच्या जागी नीट हिशोब करून डिस्क बसवणारा आणि पाटे उचलून व्हॉल्व्हला मूर्ख बनवणारा, दोघं एकाच रांगेत. आणि ज्यानं काहीच बदललं नाही, पण ब्रेक ऑइल पंधरा वर्षं तेच ठेवलं, तो कागदोपत्री सर्वात सज्जन. खरं सांगायचं तर हा कायदा इतका आंधळा राहण्यात आपल्या लाइट बारवाल्यांचा हातभार आहे. मॉडिफिकेशन म्हटलं की अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर कर्कश सायलेन्सर आणि शिंगं फुटलेला बंपर येतो, आणि त्याला तरी दोष कसा द्यायचा?

जुन्या गाड्या जपायच्या म्हणून २०२१ साली विंटेजचे नियम आले, पण ते ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना. माझ्या टाटामोबाइलला त्यासाठी २०४३ उजाडेल. मधल्या वयाच्या गाड्यांसाठी काय? तर ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली. घ्या हवी तर फी, माझी तक्रार नाही. पण एवढे पैसे घेऊन पासिंगला आलेली गाडी नुसता चासी नंबर घासून परत पाठवू नका. ती रोलरवर चढवा, चारही चाकांचा ब्रेक आकड्यात मोजा, लाइन गंजल्या असतील तर नापास करा, ब्रेक ऑइलमधलं पाणी तपासा. खिशात मावणारं यंत्र मिळतं त्यासाठी. जो नापास होईल त्याला पंधरा दिवस द्या. आणि जो स्वतः खपून, मोजमापं घेऊन ब्रेक सुधारून आणेल, त्याला ते कागदावर चढवून देणारी एक खिडकी तरी त्या ऑफिसात उघडा.