दिव्यांगांचा पैसा भीक नाही, हक्क आहे



पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत, हा सरकारचाच आदेश. तरी ६ जून २०२४ रोजी पवईचे जयभीम नगर पाडले गेले आणि शेकडो कुटुंबे फुटपाथवर आली. त्याच साली मुंबई महापालिकेने दिव्यांगांसाठी धर्मवीर आनंद दिघे योजना आणली. ४० ते ८० टक्के दिव्यांगत्वाला महिना १००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ३०००. अट काय? यूडीआयडी कार्ड आणि मुंबईतले वास्तव्य. मग ज्याचे घरच पाडले, त्याने पत्ता कुठला लिहायचा?

योजनेला आमचा विरोध नाही. पण ही कुणा नेत्याची मेहेरबानी नव्हे. दिव्यांगत्वात सरकारी साहाय्याचा हक्क संविधानाच्या कलम ४१ मध्ये लिहिलेला आहे. २०१६ चा कायदा तर सांगतो, हे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवे. आणि सन्मानाने जगायला पैशासोबत छप्पर लागते, व्हीलचेअर जाईल अशी गल्ली लागते, वापरता येईल असे शौचालय लागते.

तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर फिरतो. तसेच दिव्यांगांच्या दारीही जाऊ. कार्ड काढून देऊ, अर्ज भरू, वॉर्ड ऑफिसातून पोच घेऊ. आणि घराची मागणी त्याच अर्जाला जोडू.

जयभीम! जय संविधान!